तेलात तगलेला विषाणू

माझी ताई आमच्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. तिच्या मते जगातली कुठलीही गोष्ट नीट घुसळली की एकजीव होते. लहानपणी आमची भांडणंही ती अशीच मिटवायची, मला गदागदा हलवून.

आमचं काम होतं तेल आणि पाण्याचं दुधासारखं मिश्रण बनवायचं. लशीत ते असलं की शरीर लशीची चांगली दखल घेतं. आमची लस म्हणजे निरुपद्रवी केलेला विषाणू. त्यानं पेशींत शिरून रोग कसा ओळखायचा याचा निरोप पोचवायचा. ताईचं दूध सुरेख जमायचं, पण त्यातला मी वाढवलेला विषाणू दर वेळी मेलेला निघायचा. या खेपेलाही तसंच झालं तर काम दुसऱ्या गटाकडे जाईल, असं संचालकांनी बजावलं होतं.

“तुझा विषाणूच नाजूक आहे,” ताई म्हणाली.

“आणि तुझं यंत्र काय त्याचे लाड करतं?” मी तडकले.

बोलता बोलताच माझी ट्यूब पेटली. ताई तेल, पाणी, विषाणू सगळं एकदमच तिच्या प्रचंड दाबानं घुसळणाऱ्या यंत्रात घालत होती. तेलाच्या थेंबांचा भुगा पाडणारं यंत्र विषाणूला काय सोडतंय!

“ताई, आधी नुसतं दूध बनव. गार होऊ दे. विषाणू मी नंतर घालते, हातानं.”

“हातानं? आणि एकजीव नाही झालं तर?”

“तर मला चार शिव्या घाल.”

तिनं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी मी कुपी हळूहळू कलती करत राहिले. जोरात हलवायला हात नुसते शिवशिवत होते. मग ते एकजीव झालेलं मिश्रण पेशींवर सोडलं. विषाणूत आम्ही हिरव्या चमकेचं जनुक घातलं होतं; तो जिवंत असला तर पेशी हिरव्या चमकणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला ताईनंच आधी डोळे लावले आणि पेशींची बशी ती इकडून तिकडे सरकवत राहिली. माझा जीव टांगणीला लागला.

“अगं, सांग ना!”

ती बाजूला सरकली. मी पाहिलं, तर जिकडेतिकडे हिरवंगार! मी अशी किंचाळले की शेजारच्या खोलीतले लोक काहीतरी फुटलं समजून धावत आले. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

ताईनं तिथूनच संचालकांना फोन लावला. “सर, काम आमच्याकडेच राहणार. चूक माझ्या पद्धतीत होती. माझ्या धाकट्या बहिणीनं पकडली.”

माझे डोळे भरून आले. फोन ठेवून ती म्हणाली, “पुढची खेप तू सांगशील तशी.”