बाबा अधिक बॅग

चपला काढू नका, श्वासही रोखून धरू नका. आज तुम्हाला माझ्यावर उभं राहायचं नाही, नुसतं ऐकायचं आहे. मी वजनकाटा बोलतोय. मुक्काम कपड्यांच्या कपाटाखाली.

दुकानातून आलो तेव्हा माझी तबकडी पांढरीशुभ्र होती, आता पिवळट झाली आहे. माणसं माझ्यावर चढली की आधी पोट आत घेतात. पोट आत घेतल्यानं वजन कमी होत नाही, हे इतक्या वर्षांत मी एकालाही पटवू शकलो नाही. आकडा आवडला नाही की "काटा बिघडलाय" म्हणतात आणि मला पायानंच परत कपाटाखाली ढकलतात.

माझे दिवस पालटले ते घरातल्या मुलीमुळे. ती तीन वर्षं एक परकी भाषा शिकत होती. ती भाषा जिथे बोलतात, तिथल्या विद्यापीठानं तिला दोन वर्षांसाठी बोलावलं. पत्र आलं त्या दिवशी घराला दोन गोष्टी कळल्या. मुलगी जाणार, आणि विमानात बॅग तेवीस किलोच्या वर चालत नाही. दुसऱ्या गोष्टीवर बोलणं सोपं होतं, म्हणून चार महिने सगळे तिच्यावरच बोलत राहिले.

बाबा टपाल कार्यालयात पार्सलं तोलतात. "वजनाचं मला कोणी शिकवू नका," असं सांगून त्यांनी सूत्रं हाती घेतली. बॅग माझ्यावर ठेवली की तबकडीच झाकली जायची. म्हणून बाबांनी बॅग उचलून उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून बाबा वजा करायचे. स्वतःचं वजन त्यांनी पहिल्याच दिवशी केलं. बहात्तर. ते कॅलेंडरवर लिहिलं आणि विषय संपवला. एकदा तोलून शिक्का मारलेलं पार्सल पुन्हा पुन्हा कोण तोलतं?

मग दर रविवारी माझ्यावर बाबा अधिक बॅग. आईनं स्वतः शिवलेली रजई आत गेली. कुकर गेला, सहा टॉवेल गेले, पोटदुखीपासून पायदुखीपर्यंतची औषधं गेली. आत्या तर एकदा आठ दिवस परदेशी राहून आलेली, तेव्हापासून तिचं प्रत्येक वाक्य "तिकडे ना" असंच सुरू होतं. तिकडे ना सुया मिळत नाहीत, तिकडे ना दोरी मिळत नाही. सुया आणि दोरीही गेली.

मुलीला स्वतःला एकच गोष्ट न्यायची होती, तिचा दोन खंडांचा शब्दकोश. तीन किलोचा. तीन वर्षं तिनं त्याच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं. तो बॅगेत बसावा म्हणून ती स्वतःचे कपडे काढत राहिली. घरात तिला कोणी त्या भाषेतलं एक वाक्य बोलायला लावलं नाही, पण बॅगेची चेन कशी लावायची हे तिघांनी शिकवलं.

बाबा या काळात फार धावपळीत होते. जेवताना मध्येच उठून कागदपत्रं तपासायचे, परत ताटावर यायचे ते "भूक नाही" म्हणतच. एकदा माझ्यावरच बसून त्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडलं. पट्टा सैल झालाय, म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी शब्दकोशासकट पंच्याण्णव भरलं. "तेवीस! एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही!" बाबांनी जाहीर केलं. आत्यानं बॅग उचलून पाहिली.

"दादा, ही काही तेवीस नाही हं."

"पंचवीस वर्षं पार्सलं तोलतोय मी!"

मुलगी गुपचूप आधी एकटी उभी राहिली, मग बॅग घेऊन. एक्कावन्न, सत्त्याहत्तर. म्हणजे बॅग सव्वीस. झालं, खापर माझ्यावर. "हा काटाच बिघडलाय!" आईनं साखरेची पाच किलोची पिशवी माझ्यावर, तबकडी सोडून ठेवली. मी पाच दाखवले. मला अतिशय बरं वाटलं.

"बाबा, आता तुम्ही एकटे उभे राहा."

"माझं मला माहीत आहे. बहात्तर."

"राहा ना."

ते उभे राहिले. पोट आत घेतलं नाही, उलट फुगवलं. एकोणसत्तर.

आईनं वाकून आकडा पुन्हा वाचला. मग बाबाच म्हणाले, "त्यात काय! मी सकाळपर्यंत दाबून जेवतो, बॅग आपोआप तेवीस होईल." आत्या हसली, आई डोळ्यांना पदर लावून आत गेली. चार महिने जे कोणी बोललं नव्हतं, ते मी सर्वांसमोर बोलून बसलो होतो. त्या दिवशी मी बिघडलेला असतो तर बरं झालं असतं.

आई रजई काढायला आली, तर मुलीनं तिचा हात धरला. "राहू दे. शब्द मला तिथे कुणीही देईल." आणि तिनं शब्दकोश काढून बाबांच्या हातात ठेवला. अशी आमची भाषेची विद्यार्थिनी कुकर, रजई आणि सहा टॉवेल घेऊन भाषा शिकायला गेली.

आता दर रविवारी तिचा फोन येतो, समोर दिसणारा. "बाबा, काट्यावर उभे राहा. मला दाखवा." आई फोन माझ्या तबकडीवर धरते. मुलीला फक्त पावलं आणि आकडा दिसतो. पहिल्या रविवारी एकोणसत्तर, दुसऱ्या रविवारी अडुसष्ट. तिसऱ्या रविवारीही अडुसष्ट, तेव्हा तिला रडूच फुटलं. "बाबा, मी येऊ का परत? खरंच येते."

चौथ्या रविवारी एकाहत्तर भरलं. ती तिकडे आनंदानं ओरडली, तेही त्या नव्या भाषेत. आता तिचा अभ्यास उत्तम चाललाय म्हणे.

मी खोटं बोललेलो नाही. माझ्यावर एकाहत्तरच होते. त्यात बाबा किती, हे मला कोणी विचारलं नाही, आणि तुम्हाला ती कुठे भेटली तर तुम्हीही सांगू नका, एवढीच विनंती. बाबा हल्ली दोन घास जास्त खातात. थोडा वेळ द्या त्यांना.

काल रविवार होता. फोन वाजला, बाबा लगबगीनं माझ्यावर चढले. फोन उचलायच्या आधी आई हळूच म्हणाली, "अहो, शब्दकोश राहिला."