बिंदूभोवती दुसरी फेरी

"पेपर मागे घ्यावा लागेल," मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नाही, म्हणूनच गोमला ते जास्त लागलं.

प्रयोगशाळेत तिला सगळे गोम म्हणत. दुसऱ्याच्या कामात ही बया काही ना काही गोम काढतेच, म्हणून.

तिचं यंत्र दिसायला साधं होतं. तांब्याचे दोन डबे शेजारी शेजारी, मध्ये लहान-मोठी करता येणारी फट. डब्यांत सूक्ष्मलहरी सोडल्या की दोन सूर उमटत आणि पडद्यावर दोन शिखरं दिसत. एका डब्यात लहरी शोषणारा फोमचा तुकडा होता, तोही आत-बाहेर सरकवता येई. फट आणि फोम नेमके जमले की दोन सुरांचा एकच होतो. जुळ्या बहिणी कितीही सारख्या दिसल्या तरी दोनच असतात; इथे दुसरी उरतच नाही. याला अपवाद बिंदू म्हणतात. तो आपल्याला सापडलाय असा तिचा दावा होता, आणि अख्खा प्रबंध त्यावर उभा होता.

पेपर तपासणाऱ्या परीक्षकानं शंका काढली होती: शिखरं नुसती एकमेकांवर पडली असतील, बिंदूभोवती फेरी मारून दाखवा. फट आणि फोम थोडे थोडे बदलत मूळ जागी परतायचं. बिंदू फेरीच्या आत असेल तर सुरांची अदलाबदल झालेली दिसते. नसेल तर जो तो आपल्या घरी.

तिच्या फेरीत जो तो आपल्या घरी आला होता.

"फेरी लहान पडली असेल, मॅडम."

"मोठी करून पाहिलीस ना? ओढूनताणून बिंदू येत नसतो. नीट आकृत्या काढ, कारण लिहू, मागे घेऊ."

वहिनीचा फोन आला. गोम दादा-वहिनीकडेच राहायची. "जेवायला येतेस, की त्या तांब्याच्या डब्यांतच जेवतेस?"

"वहिनी, माझं सगळं मुसळ केरात गेलंय."

"मग आधी खाऊन घे. रडायलासुद्धा अंगात ताकद लागते."

डोळे पुसून ती आकृत्या काढायला बसली. सुरांच्या उंचीची, म्हणजे कंपनसंख्येची रेघ गुळगुळीत आली. मग शिखरांच्या रुंदीची काढली, आणि एका जागी तिचा हात थांबला. खालच्या शिखराची रुंदी एकदम दुप्पट झाली होती. तिथे फोम तर केसभरच सरकवला होता. डबा अशी उडी मारत नाही. प्रोग्रॅम मारतो.

तिनं स्वतःच लिहिलेला प्रोग्रॅम उघडला. प्रत्येक पायरीवर तो शिखरं चढत्या क्रमानं लावायचा: खालचं ते पहिलं, वरचं ते दुसरं. टापटीप दिसावं म्हणून. वाटेत सुरांनी एकमेकांना ओलांडलं तरी तो नावं पुन्हा क्रमानंच देणार. बिऱ्हाडं घरं बदलून गेली, आणि हा पठ्ठ्या दारावरच्या पाट्या बदलत बसला होता.

क्रमवारी काढून तिनं प्रत्येक शिखर सुराची उंची आणि रुंदी दोन्ही बघत हातानं मागोवा घेत नेलं. खालचं वर पोचलं, वरचं खाली.

मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "यंत्राची मापं आपोआप हळूहळू सरकत गेली असतील तरी असं दिसेल. आणखी एक फेरी मार. खरोखर अदलाबदल असेल तर दुसऱ्या फेरीत दोन्ही सूर आपापल्या जागी परत येतील."

फटीचा स्क्रू मॅडमनीच धरला, फोम गोमनं. दुपार कलेपर्यंत दोघी मापं घेत राहिल्या. शेवटच्या मापाला खालचा सूर खाली होता, वरचा वर, अगदी आपापल्या रुंदीसकट.

गोम मटकन स्टुलावर बसली.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "बिंदू तिथेच आहे."

"क्रमवारीचा गाढवपणा परीक्षकाला द्यायच्या उत्तरात लिहायचा?"

"एका वाक्यात. नाहीतर पुढचा कुणी तोच करेल, आणि त्याला माझ्यासारखी घाई करणारी मॅडम मिळाली तर तो पेपर मागेही घेईल." त्यांनी तिच्या शेजारी खुर्ची ओढली. "सांग, मी टाइप करते."