गाडीत राहिलेला चष्मा

माझा धाकटा भाऊ म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. ऑफिसात साहेब, घरात तर विचारूच नका. त्याच्या मुलीला डिस्लेक्सिया आहे असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं, तर हा म्हणे, "थोतांड! आळशी आहे कार्टी." आणि तिला लांबच्या वसतिगृहाच्या शाळेत धाडायचं ठरवून मोकळा. कडक शिस्त, घरी वर्षातून एकदा. पोरीने रडून डोळे सुजवले, भावजय तिचे कपडे बॅगेत भरायला लागली.

मी सोफे दुरुस्त करते. स्वतःचं दुकान आहे, हाताखाली माणसं आहेत. अक्षरं माझ्याही डोळ्यांपुढे लहानपणापासून नाचतात, पण मी ते लपवत बसत नाही. गिऱ्हाइकाने चिठ्ठी पुढे केली की सरळ म्हणते, "वाचून दाखवा, मला वेळ लागतो." लाज वाटलीच तर त्यांना वाटते. मेसेज फोन वाचून दाखवतो, कापड मी बघते. झकास चाललंय माझं. भाऊ मात्र चारचौघांत सांगतो, "ताई आपली घरीच असते." मेला!

रविवारी तडक त्याच्या घरी गेले. साहेब खुर्चीत ऐसपैस, नव्या शाळेचं माहितीपत्रक मांडीवर. भावजय आणि पोरगी समोरच बसलेल्या.

"तिला तुझ्यासारखी होऊ द्यायची नाहीये मला," तो म्हणाला.

असं! डोक्यात तिडीकच गेली माझ्या.

"एवढी गुणाची शाळा आहे ना? मग वाच की मोठ्याने, काय शिकवतात तिथे. मलाही कळू दे."

"चष्मा गाडीत राहिलाय."

हा गाडीत राहणारा चष्मा आजवर कोणी पाहिलाय का? हॉटेलात शेजारच्याने मागवलं तेच हा मागवतो. पत्रं बायकोने वाचायची, कारण साहेबांचे डोळे दुखतात. असल्या सबबी मी शाळेतच वापरून टाकून दिल्या. हा पठ्ठ्या अजून त्यांच्यावर दिवस काढतोय, आणि वर पोरीला आळशी म्हणतोय!

"तुला चष्माच नाहीये," मी म्हटलं. "तुझं माझ्यासारखंच आहे. भित्रा कुठला! स्वतःचं झाकायला पोरीला कशाला हाकलतोस?"

भावजय त्याच्याकडे बघतच राहिली. तो लालबुंद झाला आणि तावातावाने पत्रक उघडलं.

"वि... विदा... विद्या..."

घाम फुटला त्याला. मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू? चांगलं खदखदून हसणार होते मी.

पण पोरगी उठली. त्याच्याजवळ जाऊन बसली, त्याचं बोट धरून ओळीखाली ठेवलं.

"एकेक शब्द, बाबा. घाई नाहीये."

त्याने ती एक ओळ वाचली. बराच वेळ लागला. मग पत्रक मिटून बाजूला सारलं.

"शाळेत मला सगळे फार हसायचे गं, ताई," तो म्हणाला. "हिला नाही पाठवायची."