प्लेटला अंघोळ

"पोरगी मॅचवरून आली की चपला न काढता आधी बाथरूमकडे पळते. दार लावायचंही भान नसतं तिला. जरा लक्ष ठेव गं."

सासूबाई हे मला गणपतीच्या आधी म्हणाल्या होत्या. मी कणीक मळत होते. म्हटलं, "अहो आई, बाहेरून आल्यावर सगळेच पळतात." त्या शेंगा सोलत राहिल्या.

आणि लक्ष तर माझं असतंच. प्रफुल्ल, म्हणजे माझा नवरा, मला घरातला सीसीटीव्ही म्हणतो. वेदिकाच्या कानामागे सनस्क्रीन पोचलंय का, बुटांच्या लेस नीट बांधल्यात का, तिच्याशी कोण काय बोललं, सगळं मी बघते. पाण्याची बाटली तर रोज उलटी करून बघते. रिकामी असते, थेंबसुद्धा नाही. ते बघून मला किती बरं वाटायचं!

आत्ता मी हे हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीबाहेर बाकावर बसून मोबाइलवर लिहितेय. वेदिकाला आत सलाईन लावलंय, दारातून तिला मी दिसते. माझं तुमच्याकडे एक काम आहे. पण नुसतं काम सांगितलं तर तुम्ही हसाल, कारण सकाळपासून सगळे हसताहेतच. म्हणून भराभर पण पहिल्यापासून सांगते.

वेदिका तेरा वर्षांची. शाळेच्या सॉफ्टबॉल टीमची कॅप्टन आणि कॅचर. सॉफ्टबॉल म्हणजे क्रिकेट आणि लंगडीचं कुणीतरी लग्न लावून दिल्यासारखा खेळ आहे. बॅटने चेंडू मारायचा आणि चार बेसना वळसा घालून परत घरी यायचं. त्या घराला होम प्लेट म्हणतात. कॅचर त्या प्लेटच्या मागे उकिडवी बसते. तोंडावर जाळीचा मास्क, छातीला जाड गादी, पायांना पॅड. ऑक्टोबरच्या उन्हात गोधडी पांघरून बसावं तसं.

आज जिल्ह्याच्या मॅचेस. सकाळी सेमीफायनल, चार वाजता फायनल. मैदान सायखेड्याच्या रस्त्याला, द्राक्षबागांच्या मधोमध. छाटणी झालेल्या बागा, सावलीला एक पान नाही. धूळ अशी की मुली उभ्या राहिल्या की बूट दिसत नाहीत. कामाचा दिवस, त्यामुळे पालकांपैकी मी आणि संजना दोघीच. संजनाची वैष्णवी आमची पिचर. पिचर म्हणजे चेंडू टाकणारी.

आणि पायल. पायल सुरगाण्याकडची, शाळेच्या हॉस्टेलवर राहते. घरी भाताची कापणी चालू आहे, त्यामुळे तिचं कुणी येणं शक्य नव्हतं. ती माझ्याच डब्यातलं खाते. आज सकाळीही शिरा खाता खाता म्हणाली, "काकू, लय भारी झालाय. फायनलला पण असाच आणा."

"आधी सेमीफायनल जिंका."

"ती जिंकल्यातच जमा हाय."

आमच्या मुलींची एक गंमत आहे. म्हणजे आम्ही तिला गंमत समजत होतो. इनिंग सुरू व्हायच्या आधी सगळ्या जणी आपापल्या बाटल्या घेऊन होम प्लेटभोवती गोल उभ्या राहतात. वेदिका ओरडते, "प्लेटला काय?" बाकीच्या ओरडतात, "अंघोळ!" आणि उरलंसुरलं पाणी प्लेटवर ओतून देतात. धूळ बसते, मातीचा वास येतो, टाळ्या पडतात. मग त्यांचे कोच सुनील सर शिट्टी वाजवतात, "बाटल्या उलट्या!" सगळ्या बाटल्या उलट्या होतात. थेंबही पडत नाही. सर म्हणतात, "शाब्बास. पाणी प्याल तरच खेळाल."

संजना म्हणाली, "किती गोड आहेत गं या! हे मी आज रीलला टाकणार."

मीसुद्धा फोटो काढला.

सेमीफायनल म्हणजे नुसता तमाशा होता. समोरच्या टीमच्या मुलीने चेंडू उंच मारला, आमची फील्डर वर बघत मागे मागे गेली आणि सरळ द्राक्षाच्या तारेत अडकली. तिथून ओरडली, "सर, मी इथेच राहू?" मग बागेतला कुत्रा आला, चेंडू तोंडात धरून निघाला. त्याच्यामागे दोन्ही टीम. अंपायर ज्ञानेश सर, या एवढ्या मिशा, ते मध्ये उभे राहून हात हलवताहेत, "डेड बॉल! अरे, डेड बॉल!" कुत्र्याला कुठला डेड बॉल? संजनाचा फोन सारखा चालूच. आम्ही पोट धरून हसलो. मी पण हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं, खूप हसले.

मग वेदिका मास्क वर करून ज्ञानेश सरांकडे वळली आणि म्हणाली, "आजी, पंखा लाव ना."

मैदान फुटलं हसून. ज्ञानेश सरांनी मिशांवरून हात फिरवला. "कोणत्या अँगलने आजी दिसतो गं मी?" पुन्हा हशा.

माझं हसू तिथे थांबलं. वेदिका विनोद करत नाही. ती तशी मुलगीच नाही. ती शाळेतल्या नाटकातही हसायच्या जागी गंभीर होते.

मी दोरीपाशी गेले. "वेदू, पाणी देऊ?" तिने मानेनेच नाही म्हटलं. सुनील सर म्हणाले, "मॅडम, प्लीज. पालक दोरीच्या बाहेर. आत्ताच बाटली संपवलीय तिने, तुमच्यासमोर उलटी केली."

ते खरंच होतं. केली होती. मी मागे सरले.

आमची बॅटिंग आली. वेदिकाने पहिलाच चेंडू असा मारला की तो तारेपलीकडे गेला. सगळे उभे राहिले. "पळ, वेदिका, पळ!" आणि ती पळाली. उलटी. पहिल्या बेसकडे जायचं तर ती तिसऱ्या बेसकडे निघाली. तिथली समोरच्या टीमची मुलगी आधी घाबरून बाजूला झाली, मग टाळ्या वाजवायला लागली. वेदिका बेसवर मांडी घालून बसली, हेल्मेट काढून शेजारी ठेवलं आणि म्हणाली, "झालं ना? घरी जाऊ या."

तो व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. हसणाऱ्या चेहऱ्यांच्या रांगा खाली लागल्यात. त्या व्हिडिओत शेवटी एक बाई ओढणी सांभाळत मैदानात धावत जाताना दिसते ती मी. अंपायर ओरडताहेत, "ओ मॅडम, बाहेर! बाहेर!" तिथे व्हिडिओ संपतो. त्यापुढचं सांगते.

तिच्या कपाळाला हात लावला तर घाम नव्हता. दोन तास खेळलेल्या मुलीच्या कपाळावर घाम नाही, आणि हाताला चटका बसला. ओठांवर पांढरं. मी म्हटलं, "वेदू, मी कोण?" ती माझ्याकडे बघत राहिली. ओळख पटत नव्हती असं नाही, पण उत्तर शोधायला तिला फार लांब जावं लागत होतं.

शेजारच्या बागेतून एक पिकअप निघत होता. त्यातल्या दादाने खाली उडी मारून तिला उचललं. "बसा ताई, पुढं बसा. पोरगी लय तापली हे." मला त्याचं नावही विचारायचं सुचलं नाही, नंबर तर दूरच. मागे वळून बघितलं तर सुनील सर म्हणत होते, "पायल, कॅचिंगला तू. मास्क लाव." आणि पायल हसत होती. वर्षभर वेदिकाचा मास्क हौसेने लावून बघणारी पोरगी, तिचा नंबर लागला होता. पॅडचे पट्टे आवळता आवळता ओरडली, "काकू, तिला सांगा, फायनल आपलीच!"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, माझ्याच वयाच्या असतील, वेदिकाच्या अंगावर ओले टॉवेल टाकत होत्या. "पाणी किती प्यायली होती?"

"पूर्ण बाटली. मी स्वतः बघितलं. रिकामी होती."

"लघवी कधी झाली?"

मला माहीत नव्हतं. कानामागचं सनस्क्रीन मला माहीत होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "उन्हाचा झटका आहे. त्या मास्कमध्ये आणखी एक इनिंग बसली असती तर मी तुम्हाला काही सांगू शकले नसते. हिने सकाळपासून पाणी घेतलेलंच नाही."

"अहो, पण बाटली..."

"मॅडम, बाटलीत नव्हतं. पोटातही नाही."

तीन वाजून गेल्यावर वेदिका जराशी शुद्धीवर आली. पहिला प्रश्न, "आउट झाले का मी?" मी म्हटलं, "ते राहू दे. पाणी कुठे गेलं?"

ती भिंतीकडे बघायला लागली. मग म्हणाली, "प्लेटला."

"सगळं?"

"सगळं. सगळ्यांचं. मीच सांगितलंय सगळ्यांना. मॅच संपेपर्यंत कुणी प्यायचं नाही."

"का पण?"

"तिथे एकच टॉयलेट आहे मम्मी. मुलांच्या क्रिकेटच्या नेटच्या मागे. कडी नाही. एक गेली की दोघींना दार धरायला जावं लागतं. मागच्या वर्षी पायल गेली होती, दोघी दार धरून होत्या, सरांनी त्यांना बॅटिंगला बोलावलं. त्या पळाल्या आणि वाऱ्याने दार उघडलं. समोर नेटवरची मुलं. ती बाहेरच येईना. आपण मॅच हरलो ना तेव्हा, एक प्लेअर कमी पडली म्हणून."

मागच्या वर्षीची ती मॅच मला आठवते. 'एक मुलगी रुसून बसली' असं आम्हाला कळलं होतं. आम्ही त्यावरही हसलो होतो. पायलला मी तेव्हा विचारलं होतं, "कशावर गं एवढा राग?" ती म्हणाली होती, "काही नाही काकू."

"सरांना का नाही सांगितलंत?"

वेदिकाने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे विचारलं नाही. सरांना काय सांगणार? कोणत्या शब्दांत? मला तरी कुठे सांगितलं होतं?

सेमीफायनल जिंकल्याचं ग्रुपवर आलं होतं, ते तिला सांगितलं तशी ती उठायला लागली. सुई हलली, नर्स धावली. "मम्मी, कॅचर कोण आहे फायनलला?"

"पायल."

"तिने तर काल संध्याकाळपासून नाही प्यायलं. ती सगळ्यात जास्त पाळते. मम्मी, फोन कर. आत्ता कर."

तेव्हापासून करतेय. सुनील सर मॅचच्या दिवशी फोन सायलेंटवर टाकून किटबॅगेत ठेवतात, ती त्यांची शिस्त. बेल वाजते, वाजत राहते. संजनाचा फोन बंद, दिवसभर व्हिडिओ काढून बॅटरी उतरली असणार. शाळेत लावला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "सर ग्राउंडवर आहेत ना, त्यांनाच लावा की." पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'अर्जंट, पायलला पाणी द्या.' त्याखाली कुणाच्या तरी काकांचं उत्तर आलं, 'प्लेटला पण द्या', आणि त्याखाली पुन्हा ते हसणारे चेहरे.

प्रफुल्लचा नामपूरहून फोन आला. कामाला गेलाय तिकडे. हसतच होता. "अगं, काय ही आपली पोरगी! तिसऱ्या बेसला? इथे सगळे लोळताहेत." मी कुठे आहे ते सांगितलं. त्याचं हसू थांबलं. मग म्हणाला, "निघालो." पण नामपूर काही जवळ नाही. सासूबाईंचे गुडघे असे, त्यांना रिक्षात कोण बसवणार? आणि मी इथून उठले की वेदिका सुई ओढते, एकदा ओढलीसुद्धा.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, आणखी एक इनिंग. तिकडे आता चारला फायनल सुरू होईल. वेदिका गेल्यामुळे टीममध्ये मोजून नऊ मुली उरल्यात, खेळायला लागतात तेवढ्याच, एकही बदली नाही. म्हणजे पायल बाहेर बसली की मॅच गेली. मागच्या वर्षी तिच्यामुळे गेली, असं ती समजते. ती काही बोलणार नाही. चक्कर आली तरी बोलणार नाही. फार तर काहीतरी वेड्यासारखं बोलेल आणि तुम्ही सगळे हसाल.

म्हणून तुम्हाला विचारतेय. तुम्ही सायखेड्याच्या रस्त्याला, ओझरला, आडगावला, कुठेही जवळपास असाल तर त्या मैदानावर जाल का? रस्त्यावरूनच दिसतं, बागांच्या मध्ये पांढरी दोरी लावलीय. निळ्या जर्सीतली कॅचर. मास्क तिला थोडा मोठा होतो, सारखा नाकावर घसरतो. तिचं नाव पायल. बरी आहेस का म्हणून विचारलंत तर ती हो म्हणेल. त्यावर जाऊ नका. कपाळाला हात लावून बघा.

बाटली लगेच पुढे करू नका, ती घेणार नाही, घेतली तरी ओतून देईल. आधी तिला सांगा की वेदिकाच्या मम्मीने पाठवलंय, आणि म्हणा, "मी दाराशी उभी राहते." एखादी बाई गेली तर फार बरं होईल. तिला नेटच्या मागे घेऊन जा, दार बाहेरून घट्ट धरा, आणि तुम्हाला कुणीही कशालाही हाक मारली तरी ती बाहेर येईपर्यंत जागच्या हलू नका.

मग पाणी द्या. ती पितेय ना, ते तिच्या गळ्याकडे बघून खात्री करा. आणि मला कळवा, मी इथेच आहे.