डॉक्टरांच्या गाडीचा जुना शाफ्ट

मी एक जुना ड्राइव्हशाफ्ट आहे. गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकापर्यंत जाणारा आणि इंजिनाची ताकद चाकाला पोचवणारा लोखंडी दांडा. मित्रांनो, माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका. माझ्यावर खोटा आळ आला आहे आणि तो घेणाऱ्याला मी सोडणार नाही.

कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, कातलं. दोन्ही टोकांच्या सांध्यांत ग्रीस भरून वर घड्यांचे रबरी बूट चढवले, म्हणजे ग्रीस आत राहतं आणि धूळ बाहेर. मग मी दातांच्या एका डॉक्टरांच्या गाडीत बसलो. नऊ वर्षं चिखलातून, चढावरून चाक फिरवलं, कधी हूं की चूं केलं नाही. "गाडी कशी लोण्यासारखी चालते!" असं डॉक्टर पाहुण्यांना सांगत, तेव्हा मला खरंच बरं वाटे.

दहाव्या वर्षी गाडीखालचं प्लास्टिकचं झाकण लोंबू लागलं. डॉक्टरांना गॅरेजात जायचा कंटाळा. जबडा मोडलेल्यांचे दात बांधायची बारीक पोलादी तार त्यांनी दवाखान्यातून आणली आणि झाकण बांधून टाकलं. गाठ झकास मारली, पण उरलेलं टोक कापायचं राहिलं. ते टेकलं माझ्या बुटाला. महिन्याभरात रबर चिरलं, ग्रीस उडून गेलं, सांध्यात रेती शिरली. वळणावर मी कट् कट् करू लागलो.

डॉक्टरांनी रेडिओ मोठा केला. "दुखणं अंगावर काढू नका," असं रोग्यांना बजावणारा हाच तो माणूस! वर बायकोला म्हणाले, "तू खड्ड्यांतून गाडी दामटतेस, त्याचे हे भोग." ती बिचारी आधी हळू चालवू लागली, मग किल्लीला हातही लावेनाशी झाली. बसने कामाला जाऊ लागली.

शेवटी एका रविवारी त्यांनी मला घरीच बदलायला घेतलं. आधी गाडी जॅकवर चढवली आणि मग चाकाच्या मधला मोठा नट ढिला करायला बसले. चाक हवेत! पान्याबरोबर तेही फिरे. मी पोटभर हसलो.

"अगं, जरा ब्रेक दाबून बस ना!" त्यांनी हाक मारली.

ती येऊन बसली. नट सुटला, चाक निघालं, पण गिअरबॉक्समधून मी हलेना. पहार घालून मला उचकटताना त्यांच्या बोटांची सालं निघाली. निघालो तोही त्यांच्या शर्टावर गिअरबॉक्सचं काळं तेल ओतून. तेवढंच समाधान.

तेव्हा त्यांना ती तार दिसली. त्यांनी तारेचं टोक पाहिलं, माझा चिरलेला बूट पाहिला, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"कशामुळे बिघडलं हो?" सीटवरून तिने विचारलं.

डॉक्टरांनी पकडीने तार कापली आणि गुपचूप खिशात घातली. "मालच हलका होता. त्यात तुझं ते दामटणं."

"चुकलंच माझं," ती हळूच म्हणाली. "आता नाहीच चालवणार मी."

नवा शाफ्ट बसला. मी भिंतीशी गंजत पडलो आहे. गंजाचं मला काही वाटत नाही, सगळ्यांना एक दिवस गंजायचंच आहे. पण तिचं ते "चुकलंच माझं" आठवलं की अंगाची लाही लाही होते.

मित्रांनो, गाडीखाली अधूनमधून वाकून पाहत जा. रबर फाटलेलं दिसलं तर लगेच बदलायला सांगा. कुरकुर ऐकू आली तर आवाजावर आवाज चढवू नका. आणि माझ्यासाठी एवढं एक काम करा. दात दाखवायला जाल तेव्हा संध्याकाळी जा, कारण डॉक्टरांची बायको कामावरून परस्पर दवाखान्यातच येते. ती समोर बसली आहे ना, हे नीट पाहून घ्या आणि तोंड उघडून सर्वांना ऐकू जाईल असं विचारा, "डॉक्टरकाका, शाफ्टचं रबर ज्या तारेने फाटलं, ती तुम्ही कुठे लपवलीत?"