भर दुपारचे खून

दारव्ह्याच्या जमीरने तोवर फक्त लग्नंच शूट केली होती. हळद, वरात, निकाह, बिदाई, सगळं त्याला डोळे मिटून जमलं असतं. पण त्याच्या मनात कित्येक वर्षं एक खुनी सिनेमा घर करून बसला होता. बंद पडलेल्या कापूस जिनिंगचं गोडाऊन, तोंडावर रिकाम्या पोत्याचा बारदाना चढवलेला एक माणूस, हातात विळा, आणि एकामागून एक मरणारी सहा जणं. कथा साधनाने लिहून दिली. साधना हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायची आणि असले सिनेमे हौसेने पाहायची. नाव ठरलं 'गोडाऊन नंबर सात'.

मोठे दिवे कुणाकडे नव्हते, म्हणून सगळे खून भर दुपारी करायचे ठरले. दिवस एप्रिलचे. रक्त म्हणून बिटाच्या रसात साखरेचा पाक कालवला होता. उन्हात ते गुलाबी दिसायचं आणि थोड्याच वेळात त्यावर माश्या जमायच्या. मेलेल्या माणसाला माश्या हाकलता येत नाहीत, त्यामुळे पडल्या पडल्या सगळी प्रेतं डोळे मिचकावत.

मंडळींचा स्वयंपाक करायला सत्यभामाबाई मेश्राम यायच्या. वय साठीला टेकलेलं. गावातल्या एका शाळेत बावीस वर्षं त्यांनी मुलांची खिचडी रांधली होती आणि नुकतंच ते काम सोडलं होतं. त्या गोडाऊनच्या व्हरांड्यात चूल मांडत, पोळ्या लाटता लाटता शूटिंग पाहत, आणि कुणी काही विचारलं नाही तर काही बोलत नसत.

खुनी झाला होता इंद्रजित. रोज व्यायामशाळेत जाणारा, दंड फुगलेला. तो धावत यायचा, उड्या मारायचा, विळा गरगर फिरवायचा. तिसऱ्या दिवशी त्याला चंद्रपूरच्या एका कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं आणि तो सकाळच्या एसटीने गेला. मागे राहिला बारदाना, काळा सदरा आणि अर्धा सिनेमा.

जमीर डोक्याला हात लावून बसला. त्या दिवशी त्याला एवढंच हवं होतं, की खुन्याने लांबच्या दारातून आत यावं आणि पोत्यांच्या थप्पीपर्यंत चालावं. पण बाकीचे सगळे एक तर मेलेले होते, नाहीतर मरायचे होते. शेवटी साधनानेच सत्यभामाबाईंना विचारलं. त्यांनी हात धुतले, पदर खोचला, वरून सदरा चढवला आणि बारदाना डोक्यावर ओढून घेतला. काय करायचं, असं त्यांनी आतून विचारलं. जमीर म्हणाला, काही नाही मावशी, फक्त चाला.

त्या चालल्या. मान ताठ, डावा खांदा जरा खाली, पाऊल सपाट आणि जमीन चाचपून टाकलेलं. घाई कुठेच नाही. पोत्यांपाशी पोचायला त्यांना पुष्कळ वेळ लागला आणि तेवढा वेळ गोडाऊनमध्ये कुणी हललं नाही. जमीरने तो शॉट तीनदा मागे नेऊन पाहिला. मग त्याने सांगितलं, की इंद्रजितचे सगळे शॉट नव्याने घ्यायचे.

सत्यभामाबाईंनी एकच अट घातली. नाव टाकायचं नाही. ज्या लेकरांना आपण जेवू घातलं, त्यांनी आपल्या हातात विळा पाहू नये, असं त्यांना वाटत होतं. जमीरने सिनेमातल्या नावांच्या पाटीवर इंद्रजितचंच नाव राहू दिलं.

सिनेमा तयार झाला तेव्हा पहिला खेळ दारव्ह्यातच, एका मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी ठेवला. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. हॉल भरला. पहिला खून झाला तेव्हा दोन-चार बायकांनी खरंच डोळे झाकले. मग खुनी लांबच्या दारातून चालत आला. हॉल गप्प झाला. आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून एक तरणा गडी म्हणाला, "अबे, ह्या त खिचडीवाल्या मावशी होत!"

पुढचा सगळा खेळ बिघडला. हॉलमधल्या निम्म्या पोरांनी बावीस वर्षांत कधी ना कधी त्यांच्या हातचं खाल्लेलं होतं आणि ती चाल सगळ्यांच्या ओळखीची निघाली. बारदाना पडद्यावर आला की टाळ्या पडायच्या. मरणाऱ्यांची बाजू घ्यायला कुणी उरलंच नाही. एकाने तर मरणाऱ्याला ओरडून सांगितलं, की पळू नको, पंगतीत बस.

सत्यभामाबाई बायकांच्या रांगेत कोपऱ्यात बसल्या होत्या. पोरं चिडतील, तोंड फिरवतील, हीच धास्ती त्यांना होती. तसं काही झालं नाही, उलट खेळ सुटल्यावर कितीतरी जण येऊन पाया पडले. पण जमीरचा उतरलेला चेहरा पाहून त्यांना बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी त्या त्याच्या फोटोच्या दुकानात गेल्या.

"माह्यामुळं तुह्या पिक्चरची भीती गेली, बापा," त्या म्हणाल्या.

जमीरने नाही म्हटलं, पण ते फारसं पटेल असं म्हटलं नाही. मग त्याने सांगितलं, की पुढच्या आठवड्यात बाभुळगावला खेळ आहे. तिथे आपल्याला ओळखणारं कोणी नाही, हे सत्यभामाबाईंच्या लगेच लक्षात आलं. त्या म्हणाल्या, मी येते.

बाभुळगावात एका वाचनालयाचा हॉल मिळाला होता. वेळ दुपारचीच. यवतमाळहून खेमसिंग राठोड आले होते. ते कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले आणि तिथे सिनेमा मंडळ चालवणारे. सत्यभामाबाई मागच्या खुर्चीवर बसल्या. बारदाना दारात आला आणि त्यांनी कान टवकारले. कुणी हसलं नाही. विळा थप्पीला घासत चालला तसा त्यांच्या पुढच्या खुर्चीवरचा दांडगा, मिशीवाला माणूस हळूच पाय वर घेऊन मांडी घालून बसला. सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला. कितीतरी दिवसांत त्यांना इतकं सुख झालं नव्हतं.

खेळ संपल्यावर राठोड सर उठले आणि हातचं काही न राखता बोलले. आवाजात वारा इतका घुसलाय की अर्धे संवाद कळत नाहीत. रक्त सरबतासारखं दिसतं. चौथं प्रेत शिंकलं आहे. खुनी खून का करतो हे शेवटपर्यंत नीट सांगितलेलं नाही, आणि जे सांगितलं ते न सांगितलं असतं तर बरं झालं असतं. साधना वहीत लिहून घेत होती आणि तिचे कान तापले होते. मग सर थांबले.

"पण ही भर दुपार मी विसरणार नाही," ते म्हणाले. "आपण अंधाराला भितो. यांनी उजेडातच भीती दाखवली, लपायला जागाच ठेवली नाही. आणि तो खुनी. सहाही खुनांत तो एकदाही धावत नाही. त्याला माहीत आहे, आपण पोचणारच. हा नट कुठे शिकलाय?"

जमीरने मागे पाहिलं. पाटीवर इंद्रजितचं नाव होतं आणि त्याने शब्द दिलेला होता, म्हणून तो नुसताच घसा खाकरत राहिला. तेव्हा सत्यभामाबाई आपणहून उभ्या राहिल्या.

"तो मी होय जी. सत्यभामा मेश्राम, दारव्हा."

सगळ्या माना वळल्या. पुढच्या मिशीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची थोडी बाजूला सरकवली. सरांनी विचारलं, की हे चालणं कुठून आणलं.

"आणलं नाही जी. खिचडीनं भरलेला गंज चुलीपासून वर्गापर्यंत एकटीनं न्या लागे. सांडला त लेकरं उपाशी. तसंच चालते मी."

 सरांनी खाली बसून वहीत सत्यभामाबाईंचं नाव लिहून घेतलं आणि आडनावाचं शुद्धलेखन विचारून खात्री केली.

चहा पिताना जमीरने विचारलं, पाटीवर आता तुमचं नाव टाकू का. त्या म्हणाल्या, टाक, मोठ्या अक्षरात टाक. दारव्ह्यातली पोरं हसली तरी चालेल, ती आपलीच आहेत. इंद्रजितला जमीरने तिथूनच फोन लावला. त्याने सिनेमा अजून पाहिलाच नव्हता, आणि त्याची काही हरकत नव्हती.

परतीच्या जीपमध्ये सत्यभामाबाई खिडकीशी बसल्या आणि बोलत सुटल्या. सरांनी सांगितलेल्या चुका त्यांना कमीच वाटत होत्या.

"बाहेर रस्ता मोकळा हाय, लोकं हायेत," त्या साधनाला म्हणाल्या, "त मंग पिक्चरातली ते पोट्टी त्या गोडाऊनात कायले पळते?"

साधना म्हणाली, की असल्या सिनेमात तसंच असतं, मावशी. सत्यभामाबाईंना ते मुळीच मान्य नव्हतं. मुलगी रस्त्याकडेच पळेल, त्या म्हणाल्या, आणि खुन्याला तिला गाठायचंच असेल तर त्याने आधीच रस्त्यावर येऊन बसावं, चारचौघांत, उन्हात. जमीर पुढच्या सीटवरून पूर्ण मागे वळला. साधनाने वही उघडली आणि पुन्हा सांगा म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी रस्त्याच्या कडेच्या रसवंतीसकट, आणि दारव्हा आलं तरी तिघांचं एकमत झालेलं नव्हतं.