हवामानाचं पान

दारात चेंगरलेला अंगठा असा उलटा मनगटाकडे वळत नाही. "दारात सापडला गं," असं ताईने मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी मुकाट ऐकून घेतलं, कारण शेजारच्या खोलीत तो बसला होता. तिचा नवरा. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते, अहो-जाहो करते. इथे करणार नाही, जीभ जळेल माझी.

मी वेबसाइट बनवते. तेव्हा आमच्याकडे एका संस्थेचं काम होतं. नवऱ्याच्या मारातून सुटू पाहणाऱ्या बायकांना ही संस्था राहायला जागा देते. बाईने फोनवरून अर्ज भरायचा, आणि मध्येच कोणी खोलीत आलं तर एक बटण दाबायचं, की लगेच भलतंच एखादं साधं पान उघडणार. बाकी साइट कशीही चालली असती, ते बटण चालायला हवं होतं.

आमच्या डिझायनरला आम्ही रंगराव म्हणतो. रंगरावने ते बटण वरच्या उजव्या कोपऱ्यात बसवलं, फिकट जांभळं, नखाएवढं. "शांत वाटतं," म्हणाला. साहेबांनी त्याच्यावर कडी केली. बटण दाबलं की एक चौकट येऊन विचारणार: तुम्हाला नक्की बाहेर पडायचं आहे का?

माझं डोकं सणकलं. "साहेब, तो दारात उभा असेल आणि तुम्ही तिला प्रश्न विचारणार?"

"आणि चुकून दाबलं तर?"

"चुकून दाबलं तर परत येईल. दाबता नाही आलं तर मार खाईल."

"आवाज खाली," साहेब म्हणाले. माझा आवाज काही खाली गेला नाही, पण चौकट गेली. मग मी रंगरावच्या मानगुटीवर बसून ते बटण तळाशी आणवलं. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टा, नुसत्या डाव्या अंगठ्यालाही पोचेल असा. डावाच का, ते त्याला सांगितलं नाही. कोणी मागे जायचं बटण दाबलं तरी आमचं पान पुन्हा दिसू नये, अशीही सोय केली. साधं पान कुठलं उघडायचं, यावर मात्र कोणीच भांडलं नाही. हवामान. साहेब म्हणाले, रंगराव म्हणाला, मीही मान डोलावली. हवामान कोण बघत नाही?

साइट सुरू झाली त्याच आठवड्यात दुपारी मी ताईकडे गेले. तो कामावर होता. ताई डाव्या हाताने इस्त्री करत होती, उजव्या हाताला पट्टी. मी तिच्या फोनवर साइट उघडून दिली, लाल पट्टा दाखवला.

"इथे खरंच जागा मिळते?" तिने विचारलं.

"मिळते. भर अर्ज, आजच निघू."

तिने नाव लिहिलं आणि कुलपात किल्ली फिरली. ताईचा अंगठा पट्ट्यावर पडला. तो आत आला तेव्हा पडद्यावर ढग होते आणि उद्याचं तापमान होतं.

"मेहुणीबाई, आज कशी वाट चुकलात?" तो हसून म्हणाला आणि बोलता बोलता ताईच्या हातून फोन काढून घेतला. मागे जायचं बटण दाबलं. ढग. पुन्हा दाबलं. पुन्हा ढग. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. काम चोख झालंय म्हणून छाती फुगली माझी.

"हवामान," तो म्हणाला. "महिनाभर उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाहीस तू. तुला हवामान कशाला लागतं? कुठे निघालीस?"

त्याने फोन तिच्या तोंडावर मारला. ओठ फाटला. मी मध्ये पडले तर त्याने मला कपाटावर ढकललं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग त्याने तिचा पट्टीचा हात धरला आणि तोच अंगठा पुन्हा पिरगळायला घेतला, सावकाश, "कुठे? सांग, कुठे?" असं विचारत. ताई गुरासारखी ओरडली. मी त्याच्या पाठीत खुर्ची घातली. खुर्ची मोडली, तो नाही. त्याने माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. आणि मग तोच किंचाळला.

ताईने इस्त्री त्याच्या मानेवर टेकवली होती. मारली नव्हती. सदऱ्याच्या कॉलरवर ठेवतात तशी ठेवली होती आणि दाबून धरली होती. कातडी जळाल्याचा वास आला. तो खाली बसला तेव्हा तिने इस्त्री उचलून त्याच्या हातावर ठेवली.

"ताई, पुरे," मी म्हणाले. तिने लगेच ऐकलं नाही. मग वायर सुटली, तिने फोन उचलला आणि आम्ही दोघी अनवाणी जिना उतरलो.

टॅक्सीवाल्याने आरशात एकदा पाहिलं आणि नंतर पाहायचं टाळलं. मी रडत होते, ताई नाही.

"हवामान ठेवायलाच नको होतं गं," मी म्हणाले. "काय ठेवू? पाककृती? बातम्या?"

"पाककृती दिसल्या असत्या तर म्हणाला असता, कोण यार येणार आहे जेवायला," ती बाहीने ओठ पुसत म्हणाली. "त्याला मारायला कारण लागत नाही. तू कशाला डोकं फोडून घेतेस?" मग माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "फोडलंसच म्हणा." आम्हाला हसू आलं. तिचा ओठ पुन्हा फाटला.

"अर्ज राहिलाय," ती म्हणाली. फोनला तडा गेला होता, पण साइट उघडली. ती डाव्या अंगठ्याने एकेक रकाना भरत गेली. शेवटचा प्रश्न होता: आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का? खाली दोन मोठी बटणं. हो. नाही. दोनच ठेवायची, हा हट्ट माझाच होता. घाबरलेलं माणूस तिसऱ्या बटणाने गोंधळतं, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं.

ताईचा अंगठा पडद्यावर नुसताच अधांतरी राहिला. तिने वळून मागच्या काचेतून रस्त्याकडे पाहिलं.

"‘सध्यापुरती’ असं नाही का गं यात कुठे?" तिने विचारलं.